सिहोऱ्याच्या टाकीचं संशोधन

कुंदा रामटेके आली तेव्हा पुंडलिकराव धवडांचा चहाचा दुसरा कप संपत आला होता, आणि तिसरा मिळणार नाही असं हेमलताबाईंनी त्यांना नुकतंच बजावलं होतं.

जबलपुरात, ओमती भागात चष्म्याच्या दुकानावर ती खोली होती. दाराला पाटी होती, 'हेमलता गजभिये, खाजगी चौकशी'. बाईंनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. सुटा भाग उचलायचा, मापात घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम माणसांच्या बोलण्यावर सुरू केलं. पुंडलिकराव त्यांचे शेजारी, रोडवेजमधून तिकीट तपासून तपासून सुटलेले. त्यांच्याकडे स्कूटर होती, भरपूर वेळ होता, आणि आपल्यालाही यातलं थोडंफार कळतं असा त्यांचा समज होता.

सन दोन हजार चारचा मार्च. होळीचा रंग अजून भिंतींवरून गेला नव्हता.

"ताई, बारा वाजता साहेब माझ्या नावाची कंप्लेंट देऊन राहिले," कुंदा उभ्याउभ्याच म्हणाली. चोवीस-पंचवीसची पोर. डबा हातात तसाच होता, म्हणजे कामावर जायला निघून वाटेतून वळली होती.

"कोणते साहेब? बस आधी."

"भय्यासाहेब खानझोडे. त्यांची पाणी तपासायची लॅब आहे ना, चौकात, तिथे मी कंप्युटरवर आहे. सिहोऱ्याला मुलींच्या होस्टेलची नवीन टाकी बांधली, तिचं पाणी फेब्रुवारीत आमच्याकडे आलं होतं. विष्णू भैयांनी तपासलं. त्यांच्या वहीत लिहिलं आहे, जंतू आहेत, पिण्यास अयोग्य. पण कंप्युटरमधून छापून गेलेला रिपोर्ट म्हणतो, पिण्यास योग्य. आता एकवीस पोरी कावीळ होऊन पडल्या."

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला.

"आणि रिपोर्ट तू बदलला म्हणतात," हेमलताबाई म्हणाल्या.

"परवा माझ्या ड्रॉवरमधून फ्लॉपी काढली साहेबांनी, विष्णू भैयांसमोर. मी ती फ्लॉपी जिंदगीत पाहिली नाही, ताई. माझी सरकारी नोकरी लागून राहिली आहे, डाटा एन्ट्रीची. पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं बाकी आहे. नावावर केस चढली की संपलं."

"रिपोर्ट कंप्युटरमध्ये कुठे असतो?"

"कंप्युटर एकच आहे, पण त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. चालू करताना विचारतो, कोणतं पाहिजे. रिपोर्ट विंडोजमध्ये, त्याचा पासवर्ड साहेबांपाशी आणि विष्णू भैयांपाशी. मला फक्त लिनक्स. पण पत्रं टाइप करायला मला रिपोर्ट बघावे लागतात, म्हणून डिसेंबरात विष्णू भैयांनी दयारामकडून लिनक्समध्ये काही बसवून घेतलं. त्यातून विंडोजची बाजू दिसते. दिसत होती. फेब्रुवारीच्या शेवटाला ते बंद पडलं."

हेमलताबाईंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलेला प्रश्न पुंडलिकरावांना अगदीच भलता वाटला.

"सिहोऱ्याचा नळ बंद केला का?"

कुंदानं खाली पाहिलं. "मी वॉर्डन बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, लेखी आणा."

बाईंनी नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन लावला. पलीकडचं बोलणं पुंडलिकरावांना खुर्चीतून ऐकू येत होतं. आमच्यापाशी भय्यासाहेबांचा सही-शिक्क्याचा कागद आहे. त्यात पाणी चांगलं आहे. तुम्ही कोण? टाकी बंद करायची तर तसा दुसरा कागद आणा. हँडपंप तर कधीचा आटला, शंभर पोरींना मी काय पाजू?

म्हणजे याही घडीला पोरी तेच पाणी पिऊन राहिल्या होत्या. पस्तीस वर्षं बसमध्ये पुंडलिकरावांनी लबाड्या पाहिल्या होत्या, पण पोरीबाळींच्या गिलासात घाण सोडून वर कागदाची वाट बघणारे लोक पाहिले नव्हते.

"चला, पुंडलिकभाऊ. स्कूटर काढा," बाई म्हणाल्या. "साडेनऊ झाले."

*

लॅबमध्ये फिनाईलचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, गटाराचा. भय्यासाहेब खानझोडे मात्र पांढऱ्याशुभ्र कुडत्यात, कपाळाला गंध लावून बसले होते. मूळचे अमरावतीचे, चाळीस वर्षं जबलपुरात राहून भाषेला हिंदीचा वारा लागू दिलेला नाही हे ते पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला सांगत. पुंडलिकरावांना त्यांनी चार मिनिटांत सांगितलं.

"चौकशी करा, अवश्य करा," ते म्हणाले. "मुलगी गरीब घरची, मला वाईट वाटतं. पण पुरावा म्हणजे पुरावा."

त्यांच्या मागे भिंतीवर मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'कै. नर्मदाबाई खानझोडे स्मृती जलकुंभ, उद्घाटन, १५ फेब्रुवारी'. मंडपात टेबल, टेबलावर नारळ आणि हारांचा ढीग, भय्यासाहेबांपुढे बंद झाकणाची पाण्याची बाटली, शेजारी फेटा बांधलेले कोणी पाहुणे. खाली दोन वेण्या घातलेल्या पोरी स्टीलचे गिलास हातात धरून नळापुढे रांगेत. पुंडलिकरावांना फोटोतला फेटा फार आवडला.

"टाकी तुम्हीच दिली?" हेमलताबाईंनी विचारलं.

"आईच्या नावानं. तिची फार इच्छा होती."

"नळ बंद केला का?"

भय्यासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, आधी गुन्हेगार, मग नळ. आज मी सुधारित अहवाल दिला तर लोक म्हणतील, प्रयोगशाळाच खोटी. एकदा तक्रार नोंदवली गेली, कोणी केलं ते कागदावर आलं, की संध्याकाळपर्यंत अहवाल देतो."

"परवापासून तुम्हाला ठाऊक आहे."

"दोन दिवसांनी काय फरक पडतो? जे व्हायचं ते झालेलंच आहे."

पुंडलिकरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते काही बोलणार इतक्यात बाईंनी त्यांच्या बुटावर चप्पल ठेवली.

फ्लॉपी कागदाच्या पाकिटात होती. कुंदानं कंप्युटर सुरू केला आणि लिनक्स निवडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, त्यांत एक आकडा होता.

"हा काय?" बाईंनी विचारलं.

"कर्नलचा नंबर, ताई. सुरू होताना रोज दाखवतो."

"पुंडलिकभाऊ, उतरवून घ्या."

पुंडलिकरावांनी डायरीत लिहिलं, २.४.२०-३०.९. मग फ्लॉपी उघडली. आत दोन फायली निघाल्या, दोन्हींवर तारीख दहा फेब्रुवारी. पहिलीचं नाव लांबलचक इंग्रजी, शेवटी तोच आकडा, २.४.२०-३०.९. दुसरी म्हणजे इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली एक ओळ, 'सिहोरा अहवालात दुरुस्ती केली आहे. काम झाले.' खाली नुसता 'के'.

"पाहिलंत?" भय्यासाहेब म्हणाले. "अहवाल बदलला गेला अकरा तारखेला, विंडोज ती तारीख दाखवतं. फ्लॉपी दहाची. हे पुडकं लिनक्समध्ये टाकलं की विंडोजच्या बाजूला हात घालता येतो. आणि ते नेमकं याच यंत्रासाठी आणलेलं आहे. आकडा जुळवून बघा."

डायरीत पहिल्याखाली उतरवून पाहिला तर आकडा तंतोतंत जुळत होता. पुंडलिकरावांनी दोनदा बोट ठेवून पाहिलं आणि त्यांना कुंदाकडे बघवेना.

"या कंप्युटरमध्ये एवढ्यात काही बदल केला होता?" बाईंनी विचारलं.

"छे. दोन वर्षांपूर्वी घेतला तसा आहे. तो गोहलपुरचा दयाराम येतो, धूळ पुसतो, जातो."

बाईंनी टेबलावरचं नमुन्यांचं रजिस्टर उघडलं. भय्यासाहेबांनी ते स्वतःकडे फिरवून एका रकान्यावर बोट आपटलं.

"आणि हे बघा आमच्या लोकांचं मराठी. आकडा चुकला, खोडून दुसरा लिहिला, तर त्या रकान्याचं नाव काय? 'संशोधन'. अहो, संशोधन म्हणजे शोध लावणं. दुरुस्ती म्हणा, दुरुस्ती. विष्णूला सांगून थकलो, कुंदाला सांगून थकलो, तो दयारामही बिलावर तेच लिहितो. सगळे हिंदी शाळांतले, यांच्या तोंडून तो शब्द जाईल तर शपथ."

"आम्ही घरी पण तेच म्हणतो," पुंडलिकराव जरा दुखावून म्हणाले.

*

विष्णू टेंभरे मागच्या खोलीत काचेच्या नळ्या धूत होता. पस्तिशीचा, खांदे पाडून उभा राहणारा माणूस. बाईंनी वही मागितली आणि त्यानं ती न बोलता दिली. नऊ फेब्रुवारी, सिहोरा टाकी, मैल्यातले जंतू, पिण्यास अयोग्य. खाली त्याची सही.

"छापलेला रिपोर्ट पाहिला होता?"

"नाही जी. मी आकडे विंडोजमध्ये भरतो, साहेब रिपोर्ट बघतात, छापतात, सही करतात. माझं काम आकडे भरेपर्यंत."

"उद्घाटनाला होता?"

"होतो ना." तो नळी धूत राहिला.

"पोरी पाणी प्यायल्या ते पाहिलं?"

"पाहिलं. मला वाटलं, साहेबांनी टाकीत औषध टाकून घेतलं असेल."

"विचारलं त्यांना?"

विष्णूनं धुतलेलीच नळी पुन्हा पाण्याखाली धरली.

"काहून नाही विचारलं रे बापा?" पुंडलिकरावांना राहवलं नाही. "तुझ्या हातानं लिहिलं होतं ना?"

"नोकरी आहे, भाऊ. दोन लेकरं आहेत माझी."

एकवीस लेकरं कोणाची होती, हे पुंडलिकरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना त्या माणसाचा राग येत होता आणि कीवही येत होती.

"कंप्युटरचं सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुंदाचं दिसणं बंद कधी पडलं?"

"एकवीस फेब्रुवारीला. शनिवार होता. दयारामनं लिनक्सचं नवीन काही टाकलं, दिवस गेला त्यात. मी बाजूलाच बसून होतो, विंडोजचा पासवर्ड मधेमधे लागत होता म्हणून. तो मला प्रत्येक आकडा वाचून दाखवत होता, डोकं पिकवलं माझं. साहेब नागपूरला लग्नाला गेले होते, सोमवारी आले."

"त्यांना सांगितलं?"

"ते अशा गोष्टी ऐकत नाहीत, ताई. चालतंय ना, मग झालं, म्हणतात."

"आणि नळ बंद केला का?"

विष्णूनं मान खाली घातली. "ते साहेब करतील."

*

गोहलपुरच्या गल्लीत दयाराम नाकाडेचं दुकान लेथवाला आणि रजाईवाला यांच्या मधे अडकलेलं होतं. स्वतः दयाराम उघड्या कंप्युटरमध्ये मुंडकं घालून बसला होता.

"कुंदा दीदीनं काही नाही केलं," तो वर न बघताच म्हणाला. "मैं लिखके देता हूँ."

"ते नंतर. आधी हे समजावून सांग, लिनक्समधून विंडोज दिसायला तू काय बसवलं होतं?"

दयाराम बाहेर निघाला. असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला कधी मिळत नसावं, कारण चेहरा एकदम खुलला.

"बघा ताई. लिनक्सच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. सगळी मशीन तोच चालवतो. विंडोजची डिस्क ज्या पद्धतीनं लिहिलेली असते ती याला वाचता येत नाही. मग बाहेरच्या लोकांनी बनवलेलं एक छोटं पॅकेज मिळतं, नेटवर. ते गाभ्यात बसवलं की वाचता येते. पण ते ज्या नंबरच्या गाभ्यासाठी बनवलं त्यातच बसतं."

"जवळपासचा नंबर असला तर?"

"नाही बसत. आकडा शेवटपर्यंत जुळला पाहिजे. लोक सुरुवातीचा दोन-चार-वीस बघतात आणि उचलून आणतात, मग माझ्याकडे येतात, भैया चालत नाही म्हणून."

हेमलताबाईंच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा समाधान दिसलं. "आमच्या कारखान्यात असंच होतं. ठोकून बसवायचं नाही."

"बरोब्बर. डिसेंबरात लॅबमध्ये वीस-आठ होता. मी वीस-आठचं पॅकेज बसवलं, छान चाललं. मग गाभ्याचा नवीन नंबर निघाला, जुन्यात सुरक्षेची गडबड होती. मी एकवीस फेब्रुवारीला नवीन टाकला. निघून दोन-तीनच दिवस झाले होते, एकदम कोरा. त्यात जुनं पॅकेज बसेना. दीदीला म्हटलं, नवीन आणून लावतो. राहून गेलं माझ्याकडून."

"या पॅकेजमधून रिपोर्ट बदलता येतो?"

"ना. सिर्फ पढ़ता है. मी लावलेलं काय आणि तिथे ठेवलेली बाकी सगळी काय, विंडोजच्या बाजूला एक अक्षर लिहू देत नाहीत. लिहायला गेलं तर डिस्कचा सत्यानाश होतो, म्हणून बनवणाऱ्यांनी ते बंदच ठेवलं आहे."

"कोणी तुझ्याकडे नवीन मागायला आलं होतं?"

"माझ्याकडे नाही. पण कोणत्याही सायबर कॅफेत बसून उतरवता येतं. नंबर तेवढा पाहिजे, तो मशीन स्वतःच दाखवते."

पुंडलिकराव खूश झाले. बाहेर येताच म्हणाले, "सुटली पोरगी. लिहिताच येत नाही तर बदलणार कशी? चला, सांगून टाकू."

"आणि ते म्हणतील, तिच्याजवळ दुसरं लिहिणारं असेल, फेकून दिलं असेल. पुंडलिकभाऊ, मला कुंदा नाही हे दाखवायचं नाही. कोण आहे ते दाखवायचं आहे. त्याशिवाय कागद निघत नाही, आणि कागदाशिवाय नळ बंद होत नाही."

"मग कोण?"

"तुमच्या डायरीत आहे."

पुंडलिकरावांनी रस्त्याच्या कडेला डायरी उघडून पाहिली. त्यात एकच आकडा होता, दोनदा लिहिलेला. त्यांनी ती पुन्हा खिशात घातली. दयारामही दुकानाचं शटर ओढून आला, आणि स्कूटरवर तिघं बसले. बाई मधे होत्या.

*

बारा वाजता भय्यासाहेबांच्या खोलीत ओमती पोलीस ठाण्याचे प्रमुख, टीआय साहेब, टाइप केलेली कंप्लेंट वाचत होते. कुंदा दाराशी, विष्णू भिंतीशी. हेमलताबाई आत शिरल्या आणि सरळ टीआय साहेबांसमोर बसल्या.

"साहेब, दस मिनट दीजिए. यह कागज़ फिर भी यहीं रहेगा."

"बोलिए, मैडम. मराठी भी समझ लेता हूँ, बीस साल से जबलपुर में हूँ."

"ही फ्लॉपी," बाई म्हणाल्या. "यात जे पॅकेज आहे ते फक्त वाचतं, बदलत नाही. दयाराम समोर आहे, करून दाखवेल."

"तिच्याकडे दुसरं असेल," भय्यासाहेब लगेच म्हणाले.

बाईंनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी न विचारता मान डोलावली.

"असेल. मग ते दुसरं सोडून हे निकामी पॅकेज ड्रॉवरमध्ये जपून का ठेवलं? आणि वाचायचं पॅकेज तर तिच्याकडे डिसेंबरपासून बसवलेलं होतं. पण ते राहू द्या. मी मापावर येते. या फ्लॉपीवर तारीख दहा फेब्रुवारी. आकडा वीस-तीस-नऊ. दयाराम, दहा फेब्रुवारीला या कंप्युटरात कोणता गाभा होता?"

"वीस-आठ."

"वीस-तीस-नऊ कधी आला?"

"मी टाकला एकवीसला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी तर तो निघालाच." दयाराम बोलता बोलता थांबला. "अरे. दहाला हे पॅकेज कुठेच नव्हतं."

"पुंडलिकभाऊ, दहा तारखेला एखाद्यानं तुम्हाला बावीस तारखेचं तिकीट दाखवलं असतं तर?"

"खाली उतरवला असता," पुंडलिकराव म्हणाले, आणि आपल्या डायरीत सकाळपासून काय पडून होतं ते त्यांना आत्ता उमगलं. आकडा जुळत होता, हाच तर घोटाळा होता. आजच्या कंप्युटरशी जुळत होता, तेव्हाच्या नाही.

"कंप्युटरचं घड्याळ मागे फिरवलं की फायलीवर पाहिजे ती तारीख पडते," बाई म्हणाल्या. "तेवढं या माणसाला माहीत होतं. त्यानं एकवीस तारखेनंतर पडद्यावरचा आकडा उतरवला, त्या आकड्याचं पॅकेज आणलं, आणि फेब्रुवारीची तारीख घातली. गाभा मधे बदलला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आता कोणाला ठाऊक नव्हतं ते बघू. दयारामनं तर स्वतः बदलला. कुंदाचं त्याच दिवशी बंद पडलं, आणि दयारामनं तिला कारणही सांगितलं. विष्णू दिवसभर बाजूला बसून आकडे ऐकत होता. सकाळी मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं की या यंत्राला दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही."

भय्यासाहेब हसले. "मी विसरलो असेन. एवढ्यावरून? विष्णूकडेही परवलीचा शब्द आहे. त्यानंच मला गोवण्यासाठी केलं असेल."

विष्णू भिंतीपासून हलला.

"मग चिठ्ठी बघू," बाई म्हणाल्या. "'सिहोरा अहवालात दुरुस्ती केली आहे.' कुंदा सकाळपासून माझ्याशी बोलते आहे, एकदाही अहवाल म्हणाली नाही, रिपोर्ट म्हणते. विष्णूही रिपोर्टच म्हणतो. आणि दुरुस्ती? भय्यासाहेब, तुम्हीच रजिस्टर फिरवून दाखवलंत. इथे सगळे संशोधन म्हणतात, सांगून सांगून तुम्ही थकलात. कुंदानं चिठ्ठी लिहिली असती तर 'रिपोर्टमध्ये संशोधन केलं' असं लिहिलं असतं. विष्णूनं तिच्या नावानं लिहिली असती तरी तेच लिहिलं असतं. दुसऱ्याच्या नावानं लिहितानाही ज्याची शुद्ध मराठी सुटत नाही असा माणूस या खोलीत एकच आहे."

टीआय साहेबांनी कंप्लेंटचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"पण मी असं का करेन?" भय्यासाहेबांचा आवाज चढला. "माझ्या आईचं नाव आहे त्या टाकीवर. मला अहवाल खराब आहे हे ठाऊक असतं तर..."

"ठाऊक होतं. तुमच्या मागे भिंतीवर आहे."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी या खेपेला फेटा सोडून बाकीचं पाहिलं. खाली पोरी गिलास घेऊन उभ्या होत्या. वर टाकी देणाऱ्यापुढे बंद झाकणाची बाटली होती.

"आईच्या नावाची टाकी, आणि तिचं पहिलं पाणी तुम्ही प्यायला नाहीत," बाई म्हणाल्या. "घरून बाटली नेलीत. पाहुणे ठरले होते, मंडप ठरला होता, आणि सहा दिवस आधी विष्णूची वही आली. कार्यक्रम पुढे ढकलायला तुमची जीभ रेटली नाही, म्हणून अकरा तारखेला तुम्ही स्वतःच्या पासवर्डनं विंडोज उघडलं आणि अयोग्यचं योग्य केलंत."

भय्यासाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. गंध फिसकटलं. "मला वाटलं, कार्यक्रम झाला की औषध टाकून घेऊ," ते म्हणाले. "मग राहून गेलं. नागपूरचं लग्न होतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"राहून गेलं," बाई म्हणाल्या. पुंडलिकरावांनी अकरा वर्षांत त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. "खोटा रिपोर्ट केलात, ते एक झालं. पोरी आजारी पडल्या तेव्हा तरी नळ बंद करायचा. तुम्ही सायबर कॅफेत जाऊन बसलात, आकडे जुळवत, रामटेक्यांच्या पोरीच्या गळ्यात मारायला काहीतरी शोधत. परवापासून सगळं उघडं आहे, आणि आज सकाळीही पोरी त्याच नळाखाली उभ्या राहिल्या. मला तुमची किळस येते, भय्यासाहेब. या खुर्चीत बसवत नाही मला."

त्या खरोखरच उठून उभ्या राहिल्या.

टीआय साहेबांनी फ्लॉपी पाकिटात घातली. "खानझोडेजी, आप मेरे साथ चलेंगे," ते म्हणाले. "मैडम, सिहोरा के लिए कागज़ कौन देगा?"

कोणी बोलायच्या आधी विष्णू पुढे आला. "मी देतो. तपासलं मी, सही मी करतो." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण शाबासकी दिली नाही. महिन्यापूर्वी द्यायची सही तो आज देत होता.

"कुंदा, रजिस्टर घे," त्या म्हणाल्या.

कुंदानं सिहोऱ्याची ओळ काढली. शेवटचा रकाना रिकामा होता. 'संशोधन'च्या खाली तिनं लिहिलं, 'पिण्यास अयोग्य', आणि आजची तारीख घातली. विष्णूनं सही केली. तोच मजकूर लेटरपॅडवर उतरवून टीआय साहेबांनी एका शिपायाला जीप देऊन सिहोऱ्याला पिटाळलं. दारातून जाताना भय्यासाहेबांची नजर त्या रकान्यावर पडली, पण या वेळी त्यांनी तो शब्द सुधारला नाही.

"जीप पोचायला तास लागेल," बाई म्हणाल्या. "तू फोनवर वाचून दाखव. सही झालेली आहे म्हणून सांग."

कुंदानं फोन लावला आणि शब्द न् शब्द वाचला. वॉर्डन बाईंनी तो दोनदा वाचायला लावला. मग पलीकडून हाक ऐकू आली, "भागीरथा, नळ बंद कर. आणि त्या बादल्या ओतून टाका, सगळ्या." कोणीतरी विचारलं, काहून? उत्तर ऐकू आलं नाही. लोखंडी बादली फरशीवर उलटी झाल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

वॉर्डन बाई पुन्हा फोनवर आल्या.

"बेटा, हे पाणी खराब आहे म्हणून तुमच्याकडे कधी कळलं होतं?"

कुंदानं विष्णूकडे पाहिलं. त्यानं आपली वही तिच्यापुढे सरकवली आणि तारखेवर बोट ठेवलं.

"नऊ फेब्रुवारीला," कुंदानं वाचलं.

पलीकडे वॉर्डन बाई दिवस मोजू लागल्या, "दहा, अकरा, बारा..." कुंदानं रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.